व्यसनमुक्तीची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि आपली पुडी

मद्य सोडण्यासाठी ‘नाल्ट्रेक्सोन’ नावाची गोळी घेणारा रुग्ण आता केवळ शहरातील मनोविकारतज्ज्ञाच्याच दाराशी दिसतो असे राहिलेले नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेला असा रुग्ण अम्लपित्त, अनिद्रा, अग्निमांद्य या तक्रारी घेऊन आपल्याही चिकित्सालयात येतो, आणि वर्षानुवर्षे मद्यपान केलेल्या अशा रुग्णांपैकी अनेकांच्या पिशवीत रक्तदाबाच्या एकदोन गोळ्या असतातच. या दोन औषधांचे एकमेकांशी जमते का, असा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक आपल्याला विचारतात. वैद्यबंधूही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस जे आढळले ते काहीसे अनपेक्षित होते आणि आपल्यापैकी काहींना ते अप्रियही वाटेल. तरीही ते मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम औषधाचा थोडा परिचय. अफू, मॉर्फीन, हेरॉईन, कोडीन, ट्रामाडॉल ही द्रव्ये शरीरातील ज्या ग्राहकांवर जाऊन बसतात, त्याच ग्राहकांवर स्वतः बसून त्यांची वाट अडवणारी जी औषधे आहेत त्यांना आपण सोयीसाठी अफूरोधक म्हणू. त्यांतील नालॉक्सोन हे सुईवाटे वा नाकावाटे देण्याचे, अफूवर्गीय द्रव्याच्या विषबाधेत प्राण वाचविणारे आणि अल्पकाळ टिकणारे औषध असून अमेरिकेत त्यास १९७१ मध्ये मान्यता मिळाली. नाल्ट्रेक्सोन हे तोंडाने घेण्याचे, ५० मि.ग्रॅ.ची एक गोळी सुमारे चोवीस तास काम करते. अफूच्या व्यसनासाठी १९८४ मध्ये आणि मद्यासक्तीसाठी १९९४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मद्याने मिळणाऱ्या सुखाचा काही भाग शरीरातील स्वाभाविक अफूसदृश द्रव्यांमार्फत येतो. ती वाट अडली की पिण्याची ओढ कमी होते, असा त्यामागील विचार आहे.

आता मूळ प्रश्न. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, मूत्रल औषधे यांच्याशी नाल्ट्रेक्सोनचा थेट विरोध आहे काय? सरळ उत्तर असे की, नाही म्हणण्याजोगाच. अनेक औषधांचे पचन यकृतातील सायटोक्रोम नावाच्या विकरसमूहाकडून होते आणि तेथे गर्दी झाली की एक औषध दुसऱ्याचे प्रमाण बिघडविते. नाल्ट्रेक्सोनचे रूपांतर मुख्यत्वे त्या वाटेने होतच नाही. क्वचित काही रुग्णांत या गोळीने रक्तदाब किंचित वाढल्याची नोंद आहे, पण तेवढ्यावरून ती रक्तदाबाच्या रुग्णास देऊ नये असे कोणी म्हणत नाही.

अपवाद आहेत आणि ते ठाऊक असावेत. क्लोनिडीन हे रक्तदाबाचे जुने औषध मेंदूच्या पातळीवर कार्य करते. त्याच्या कार्यात शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा वाटा असावा असे १९८० च्या दशकातील काही प्रयोगांत दिसले. नालॉक्सोन दिल्यावर काही रुग्णांत क्लोनिडीनने उतरलेला दाब पुन्हा चढला. इतर संशोधकांना तसे आढळले नाही, म्हणून हा विषय सर्वमान्य झाला नाही. मात्र गंमत अशी की हेच क्लोनिडीन १९७८ पासून अफू सोडतानाच्या त्रासावर वापरले जाते. म्हणजे क्लोनिडीन आणि अफूरोधक ही दोन्ही औषधे एकाच रुग्णाच्या कागदावर मागेपुढे येण्याचा संभव सर्वांत जास्त असतो, आणि क्लोनिडीन एकाएकी थांबविले तर रक्तदाब उसळून वर येतो. सोबत मेटोप्रोलॉलसारखे औषध चालू असेल तर ती उसळी अधिक वाईट असते. दुसरा अपवाद वजन कमी करण्याच्या संयुक्त गोळीचा. नाल्ट्रेक्सोन व ब्युप्रोपिऑन यांचे हे मिश्रण २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याने नाडी व रक्तदाब वाढू शकतो, अनियंत्रित रक्तदाबात ते निषिद्ध आहे, आणि त्यातील ब्युप्रोपिऑन मेटोप्रोलॉलचे पचन अडवून रक्तातील त्याचे प्रमाण वाढविते. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून परतणाऱ्या आईवडिलांच्या औषधांच्या डब्यात काय काय असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही माहिती निरुपयोगी वाटणार नाही. तिसरा अपवाद नालॉक्सेगॉल या औषधाचा. अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे होणाऱ्या मलावष्टंभासाठी ते वापरतात. त्याचे पचन मात्र सायटोक्रोमकडूनच होत असल्याने डिल्टियाझेम वा वेरापामिल ही रक्तदाबाची औषधे चालू असताना ते टाळावे, आणि टाळणे अशक्य असल्यास निम्म्या मात्रेत द्यावे, असा संकेत आहे.

इतके सांगून हा लेख संपला असता. परंतु आमच्या अनुभवात जो रुग्ण अडचणीत आला तो यांपैकी कोणत्याच कारणाने आला नाही.

पन्नाशीचा एक ऊस बागायतदार. वीस वर्षांचे मद्यपान. व्यसनमुक्ती केंद्रातून नाल्ट्रेक्सोनवर घरी आलेला. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन हे मूत्रल आणि मेटोप्रोलॉल अशी तीन औषधे त्याचे नेहमीचे डॉक्टर देत होते आणि ती सर्व तो पीत असतानाच्या काळात ठरलेली होती. आमच्याकडे तो छातीतील जळजळ आणि झोप नाही या दोन तक्रारींसाठी आला. ‘दुसरी औषधे चालू आहेत का?’ असे आम्ही विचारले. ‘बी.पी.ची आहे एक’ असे उत्तर मिळाले व आमचे समाधान झाले. जळजळीसाठी यष्टिमधु चूर्ण आणि झोपेसाठी सर्पगंधाघन वटी दिली. सवयीप्रमाणे पुड्या बांधून, नाव न लिहिता.

तीन आठवड्यांनी त्याची पत्नी त्याला हाताला धरून घेऊन आली. ‘डॉक्टरसाहेब, उठून उभे राहिले की यांच्या डोळ्यांपुढं अंधारी येते, काल तर मोरीत पडले.’ नाडी मिनिटाला ४८. दाब ९६/६०, उभे केल्यावर त्याहून कमी. त्याच दिवशी तपासलेले रक्तातील पोटॅशियम ३.१. आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे तातडीने पाठविले. पण त्या बाईंनी जाता जाता जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे होते. घरात सर्वांत नवी गोळी व्यसनमुक्तीची. शेजारच्या जाणत्या माणसाने ‘मेंदूची गोळी आहे, तिनेच चक्कर येते’ असे सांगितले. म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी तीच तेवढी बंद केली होती. आणि आदल्या दोन रात्री तो पुन्हा प्यायला होता.

काय घडले होते ते पाहू. अतिमद्यपानाने रक्तदाब वाढतो. मद्य सोडताना पहिले काही दिवस तो आणखी चढतो आणि पुढील काही आठवड्यांत उतरू लागतो. दिवसाला सहापेक्षा अधिक पेये घेणाऱ्यांनी प्रमाण सुमारे निम्मे केल्यास वरचा दाब सरासरी ५.५ ने उतरतो, असे २०१७ मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून प्रसिद्ध झाले आहे. पिणाऱ्या माणसासाठी ठरविलेली मात्रा न पिणाऱ्या माणसास जास्त होऊ शकते. त्यावर आम्ही सर्पगंधा दिली. सर्पगंधेतील रिसर्पिन मज्जातंतूंतील उत्तेजक द्रव्यांचा साठा रिता करते; मेटोप्रोलॉल त्याच द्रव्यांच्या कार्यास आवर घालते; दोहोंनी मिळून नाडी मंद झाली आणि दाब कोसळला. यष्टिमधु अधिक प्रमाणात वा सलग घेतल्यास शरीरात लवण व जल धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम घालविते. एरवी यष्टिमधूने दाब वाढावयाचा, तो या रुग्णात वाढला नाही इतकेच. पोटॅशियम मात्र उतरले. या सगळ्यात नाल्ट्रेक्सोन निरपराध होते. बंद पडले ते नेमके तेच.

सर्पगंधेविषयी आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबातील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. आपल्या व्याख्यानांतून आपण हा इतिहास सांगतो. पण जे द्रव्य रक्तदाबावर इतके प्रभावी आहे हे आपण व्यासपीठावरून सांगतो, तेच चिकित्सालयात ‘झोपेची साधी आयुर्वेदिक गोळी’ म्हणून देतो, हा विरोध आमच्या त्यावेळी ध्यानी आला नाही. शिवाय रिसर्पिनने विषण्णता येऊ शकते, आणि नुकतेच मद्य सोडलेल्या माणसाचे मन आधीच खचलेले असते. अशा रुग्णास सर्पगंधा देऊच नये, असे आता आमचे स्पष्ट मत झाले आहे.

याहून गंभीर बाब अहिफेनाची आहे. चरक-सुश्रुतांच्या मूळ द्रव्यसंग्रहात नसलेले हे द्रव्य मध्ययुगात आपल्या चिकित्सेत आले, शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांगेबरोबर त्याचा निर्देश केला, आणि पुढे कर्पूर रस, दुग्धवटी, अहिफेनासव, निद्रोदय रस, कामिनीविद्रावण रस अशा कल्पांत ते स्थिरावले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये विषारी द्रव्यांच्या यादीत अहिफेन आहे, बीजे सोडून. म्हणजे घरच्या खसखशीची चिंता नको. अशा कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. सूचना छापलेली असते. डबीवरून पुडीत आलेल्या गोळीबरोबर ती रुग्णापर्यंत जात नाही.

असा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. लांब पल्ल्याचा वाहनचालक, ‘ताकदीसाठी’ म्हणून कामिनीविद्रावण रस कित्येक महिने रोज घेणारा. या कल्पाच्या सवयीचे रूपांतर व्यसनात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून आलेल्या आहेत, तेव्हा हा कल्पनाविलास नव्हे. मद्य सोडण्यासाठी तो केंद्रात जातो. तेथे त्यास विचारतात, ‘अफू, गर्द, ट्रामाडॉल काही घेता का?’ तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण तो घेतो ते त्याच्या लेखी आयुर्वेदिक औषध. नाल्ट्रेक्सोन सुरू करण्यापूर्वी अफूवर्गीय द्रव्य बंद होऊन किमान सात ते दहा दिवस जावे लागतात. येथे एक दिवसही गेलेला नसतो. गोळी पोटात गेल्यावर थोड्याच वेळात जांभया, डोळ्यांतून व नाकातून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, वांत्या, अतिसार, धडधड आणि रक्तदाबाची चढती कमान सुरू होते. घरचे लोक दाब वाढला म्हणून रक्तदाबाची जादा गोळी देतात. इकडे वांती-अतिसाराने जलक्षय होत असतो. अशा स्थितीत एनालाप्रिल वा टेल्मिसार्टनच्या वर्गातील औषध आणि मूत्रल पोटात असतील तर काही तासांनी दाब उलट कोसळण्याची आणि वृक्कांना इजा होण्याची भीती असते. क्लोनिडीन चालू असून ते वांतीवाटे बाहेर पडत राहिले तर उसळीचा धोका वेगळाच. जेथे दोन औषधांत काही वैर नाही असे आपण वर म्हटले, तेथे तिसऱ्या, नाव नसलेल्या औषधाने हे सारे घडविले.

असात्म्याचा त्याग हळूहळू, पादांशिक क्रमाने करावा हा चरकांचा उपदेश आपण विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो. एका गोळीने तो क्रम क्षणात मोडला जातो, आणि मोडणाऱ्या डॉक्टरास आपण काही मोडत आहोत याची कल्पनाही नसते, कारण ती देण्याची आपली तयारी नव्हती.

उलट दिशेनेही विचार करावा लागतो. नाल्ट्रेक्सोन चालू असलेल्या रुग्णास अतिसारात कर्पूर रस दिला तर त्यातील अहिफेनाचा अपेक्षित गुण येणार नाही. आणि गुण येत नाही म्हणून मात्रा वाढविणे हा तर विषाशी खेळ. अशा रुग्णास कुटजासारखे अहिफेनविरहित स्तंभन पुरेसे असते. नाल्ट्रेक्सोन सोडल्यावर अफूची पूर्वीची सवय शरीरास राहिलेली नसते, त्यामुळे पूर्वी सहन होणारी मात्राही प्राणघातक ठरू शकते, हेही रुग्णास व घरच्यांस सांगावयास हवे. आमचे शल्यतंत्राचे सहकारी भगंदर वा अर्शाच्या कर्मानंतर वेदनेसाठी ट्रामाडॉल योजतात. त्यांनीही कर्मापूर्वी हा एक प्रश्न विचारून घ्यावा, नाहीतर रात्रभर रुग्ण तळमळतो आणि औषध का लागू पडत नाही हे कोणास कळत नाही.

आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतील की हा सर्व आधुनिक वैद्यकाचा विषय, आपण त्यात का पडावे? आयुर्वेद पदवीधरांनी कोणती औषधे लिहावीत या अधिकाराच्या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. नाल्ट्रेक्सोन लिहिणे वा रक्तदाबाची मात्रा कमीजास्त करणे हे ज्याचे काम त्याने करावे. परंतु त्याच रुग्णाच्या उदरात आपली सर्पगंधा, आपले यष्टिमधु आणि क्वचित आपले अहिफेन जात असताना ‘आमचा संबंध नाही’ असे म्हणता येत नाही. पूर्वीच्या वैद्याचा रुग्ण एकाच वैद्याचे औषध घेत असे. पुडी निनावी असली तरी ती कशाची हे निदान एका माणसास ठाऊक असे. आज रुग्ण तीन ठिकाणांहून औषध घेतो, आणि तीनपैकी दोघांची औषधे कागदावर असतात. तिसरे आपण.

निनावी पुडीच्या बाजूने जे सांगितले जाते ते आम्ही ऐकून आहोत, कारण कालपरवापर्यंत आम्हीही तेच सांगत होतो. नाव लिहिले की रुग्ण दुकानातून परस्पर घेतो, पाच वर्षे तेच खातो, शेजाऱ्यालाही देतो. ही भीती खोटी नाही. ज्याने आयुष्यभर स्वतः खल करून औषधे सिद्ध केली त्यास योगाचे नाव उघड करणे जड जाते, हेही आम्ही समजू शकतो. पण मोरीत पडलेल्या त्या गृहस्थाच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवर ‘त्या पुडीत नक्की काय होते?’ असे विचारले, तेव्हा आम्हांस उत्तर देण्यापूर्वी दोन क्षण थांबावे लागले, हे येथे लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. सर्पगंधेचे नाव ऐकताच पलीकडून ‘मग नाडी का उतरली ते कळले’ एवढेच उत्तर आले. त्यांनी मेटोप्रोलॉल हळूहळू कमी केले, मूत्रल बंद केले. आम्ही आमची दोन्ही औषधे थांबविली. नाल्ट्रेक्सोन त्याच्या केंद्राच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाले. अम्लपित्तासाठी आता शतावरी व आमलकी चालू आहेत आणि कागदावर दोन्हींची नावे आहेत.

त्यानंतर आम्ही प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. ‘दुसरी औषधे चालू आहेत का’ असे न विचारता ‘घरात असतील तेवढी सगळी पाकिटे पिशवीत घालून आणा’ असे सांगतो; ताकदीच्या, झोपेच्या, व्यसनाच्या गोळ्यांचा वेगळा उल्लेख करून विचारतो, तोही नातेवाइकांस बाहेर बसवून, कारण पत्नीपुढे कामिनीविद्रावण रसाचे नाव कोणी घेत नाही. मद्य नुकतेच सोडलेल्या प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाचा दाब पहिले दोन महिने दर आठवड्यास, बसवून व उभे करून, दोन्ही वेळा मोजतो. दाब उतरू लागला तर गोळी आपण बंद करीत नाही. चिठ्ठी लिहून त्याच्या डॉक्टरांकडे पाठवितो. त्या चिठ्ठीत आपल्या कल्पांची नावे असतात.

संघटनेकडे आमची एक मागणी आहे. सभासदांसाठी छापल्या जाणाऱ्या चिकित्सापत्रात ‘अन्य चिकित्सापद्धतीची चालू औषधे’ आणि ‘आज दिलेल्या कल्पांची नावे’ असे दोन रकाने असावेत, आणि सर्पगंधा अथवा अनुसूची ‘ई-१’ मधील द्रव्य असलेला कल्प दिल्यास त्याखाली लाल रेघ मारण्याची जागा असावी. अशा पत्राचा एक नमुना तयार करून आम्ही तो कार्यकारिणीकडे सुपूर्द केला आहे. आगामी वार्षिक सभेत तो चर्चेस यावा व विरोध असणाऱ्या ज्येष्ठ वैद्यांनी त्यावर आवर्जून बोलावे, अशी विनंती.